लिफ्ट, वायर, मांजा, बिबट्या... भलत्याच अपघातात आपला माणूस जायबंदी झाला तर नाशकात काय करायचं

गाडीचा अपघात झाला की पुढे काय ते आता बऱ्याच जणांना माहित असतं, पोलीस, इन्शुरन्स, कोर्टात क्लेम, आणि माहित नसलं तरी सिव्हिलच्या गेटबाहेर सांगणारे चार जण भेटतातच. पण माणूस लिफ्टच्या खड्ड्यात पडला, गच्चीवर कपडे वाळत घालताना वायरला चिकटला, जत्रेतल्या पाळण्यातून फेकला गेला, तर जायचं कुणाकडे हे कुणालाच धड सांगता येत नाही. आमच्या घरावर ती वेळ आली म्हणून लिहितोय. मी वकील नाही, अडीच वर्षं फाईल काखेत मारून सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात चपला झिजवल्यात एवढीच माझी डिग्री, त्यामुळे हे वाचून वकिलाला टाळू नका, फक्त वकिलाकडे जाताना कोरे जाऊ नका.

माझा मावसभाऊ चहा पोचवायचा. पंचवटीतली एक जुनी कमर्शियल बिल्डिंग, तिसरा मजला, एका हातात किटली दुसऱ्या हातात कागदी कपांची थप्पी, लिफ्टचा दरवाजा कोपराने ढकलला, तो उघडला, याने सवयीने पाय आत टाकला आणि आत लिफ्टच नव्हती. वरच्या मजल्यावर अडकलेली होती. मणका आणि उजवी टाच. खाली उतरून काढलं तेव्हा किटलीची मूठ हातातच होती म्हणे, आणि चहाने मांडी भाजलेली ती वेगळीच.

पुढची टोलवाटोलवी ऐका. चेअरमन म्हणे हा आमचा भाडेकरूही नाही आणि नोकरही नाही. टपरीवाला म्हणे रोजंदारीचा पोरगा आहे, माझ्याकडे हजेरी बुक नाही. लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्याने सांगितलं आमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्येच संपलं. आणि चौथ्या दिवशी आम्ही फोटो काढायला गेलो तर दरवाजाला नवं कोरं लॉक, लिफ्ट सुरळीत, जणू काही झालंच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोराने अपघाताच्याच दिवशी मोबाईलवर तो उघडा दरवाजा शूट केला होता म्हणून आमची केस उभी राहिली, नाहीतर तिथेच संपली होती.

म्हणून सगळ्यात आधी हे. गाडीच्या अपघातात गाडी पोलीस स्टेशनला उभी असते, इथे ज्या वस्तूने माणूस जायबंदी झाला ती वस्तूच दोन दिवसांत दुरुस्त होते. लोंबलेली तार ताणली जाते, मॅनहोलवर झाकण बसतं, होर्डिंगचे अँगल भंगारात जातात. घरातली सगळी माणसं हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहू नका, एकाला त्याच दिवशी जागेवर पाठवा. फोटो, व्हिडिओ, लांबून आणि जवळून, मोजायला शेजारी माणूस किंवा पट्टी ठेवून, आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या दिसतील असे. बघणाऱ्यांचे नंबर घ्या. समोरच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर फुटेज लगेच मागा, बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. तुटलेला नट, मांजाचा तुकडा, फाटलेला पट्टा, सिलेंडरचा रेग्युलेटर, यातलं काही हाताला लागलं तर स्वतः धुऊन पुसून ठेवू नका, पंचनाम्यात पोलिसांना दाखवा.

दुसरी गोष्ट हॉस्पिटलची, आणि इथे आमचं घोडं वर्षभर अडलं. असल्या केसमध्ये एमएलसी होते, म्हणजे डॉक्टर पोलिसांना कळवतात, आणि केसपेपरवर हिस्ट्री म्हणून एक ओळ लिहितात की काय झालं. ती ओळ पेशंट बेशुद्ध असला तर त्याला आणणारा माणूस सांगतो. आमच्या भावाला आणलं बिल्डिंगच्या वॉचमनने, आणि त्याने सांगितलं 'जिन्यावरून घसरला'. मुद्दाम सांगितलं की घाबरून ते देव जाणे. ती एक ओळ पुढे प्रत्येक कागदावर तशीच उतरत गेली, समोरच्या वकिलाने तीच धरून ठेवली. तेव्हा पहिल्याच दिवशी केसपेपर मागून वाचा, चुकीचं असेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरला आणि मेडिकल सुपरिंटेंडंटला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. पेशंट शुद्धीवर आला की त्याचा स्वतःचा जबाब पोलिसांनी घ्यावा म्हणून मागे लागा.

पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरवर आधी विचारावं, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं कव्हर आहे, फक्त हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे आणि उपचार त्यांच्या यादीत बसले पाहिजेत.

पोलीस स्टेशनला 'हा अपघात आहे, ह्यात गुन्हा कसला' असं ऐकायला मिळेल. निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं वागणं आणि त्यातून गंभीर दुखापत होणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आहे. एफआयआर घेत नसतील तर तक्रार लेखी लिहून पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा, ग्रामीण भाग असेल तर एसपींना, तरीही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. हे सगळं भांडायला नाही, कागद तयार व्हायला. भरपाईच्या केसला एफआयआर आणि पंचनामा नसला तर न्यायाधीश पण काय वाचणार.

आता मुख्य भानगड. भरपाई मागायची दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक दाराला वेगळं घड्याळ लावलेलं आहे. चुकीच्या दारात सहा महिने बसलात तर बरोबर दार बंद झालेलं असतं.

सगळ्यात फसवं घड्याळ महापालिकेचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 487 सांगतं की पालिकेवर दावा लावायच्या आधी एक महिन्याची नोटीस द्या, आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावा. म्हणजे नोटीसचा महिना धरून हातात पाचच महिने, आणि तेवढा काळ तर माणूस प्लास्टरमध्ये असतो. हे कलम प्रत्येक केसला लागतं का यावर वकील वाद घालतील, घालू देत, तुम्ही लागतं असंच समजून चाला. राज्य सरकारच्या एखाद्या खात्यावर दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल तर मात्र आता जवळची वाट आहे. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये आदेश दिला की खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर 6 लाख, जखमी झाला तर दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख, आणि हे ठरवायला कमिटी, ज्यात महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव बसतात. सिंहस्थाच्या कामांनी सध्या गावभर खोदून ठेवलंय, रात्री बॅरिकेडही नसतं कुठे कुठे, तेव्हा हे लक्षात ठेवा. ही रक्कम घेतली म्हणून इतर कायद्यातली भरपाई बुडत नाही.

गाडी गुंतलेली असेल तर, म्हणजे क्रेनचा हुक सुटला, ट्रॅक्टरच्या पीटीओत, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यात, पदर अडकला, टँकर फुटला, तर आधी मोटार अपघात प्राधिकरणाचा विचार करा, कारण तिथे मागे इन्शुरन्स कंपनी असते आणि पैसे वसूल होतात. 'गाडीच्या वापरातून' हा शब्द कोर्टाने चांगला मोठा करून ठेवलाय. 1987 साली आपल्याच महाराष्ट्रात हायवेवर पेट्रोलचा टँकर उलटला, पेट्रोल गळत राहिलं, गावातले लोक जमले, आणि चारेक तासांनी स्फोट झाला. इन्शुरन्सवाले म्हणाले टँकर तर उलटून पडलेला होता, वापर कसला. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हाही वापरातूनच झालेला अपघात. म्हणून 'गाडी तर उभी होती' असं कोणी म्हटलं की गप्प बसू नका. 2022 पासून इथलंही घड्याळ कायद्यात सहा महिन्यांचं झालंय.

कामावर असताना झालं असेल तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्यांना ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, माहित असतो. महिना 21,000 पर्यंत पगार आणि नोंदणी असेल तर बरा होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्का ठरवतो आणि त्याप्रमाणे दर महिन्याला. कंपनीकडून अपघाताचा रिपोर्ट त्याच आठवड्यात गेला का ते बघा, सुपरवायझर 'बघतो, करतो' म्हणत राहतो. ईएसआयसी नसेल तर कामगार नुकसानभरपाई. तो 1923 चा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, म्हणून वकिलाला पहिलं वाक्य अपघाताच्या तारखेचं सांगा. जुन्या कायद्याचा हिशोब असा, पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले कायद्याच्या कोष्टकातला वयाचा आकडा. पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, तिशीच्या माणसाचा आकडा 207.98, म्हणजे झाले 18 लाख 71 हजार 820. प्रेस मशीनमध्ये अंगठा गेला तर कोष्टकात 30 टक्के, म्हणजे त्याचे 5 लाख 61 हजार 546. मालक 'पन्नास हजार घे आणि विषय संपव' म्हणतो ना, तेव्हा हा गुणाकार मोबाईलवर करून दाखवा. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक सुटत नाही. जुन्या कायद्यात अर्जाची मुदत दोन वर्षं.

आमच्या बाबतीत बरेच जण म्हणाले टपरीवाल्यावरच लावा कामगाराची केस. नाही लावली. पहिले चाळीस हजार त्यानेच दिले होते, तेही बायकोची पोत गहाण ठेवून, आणि त्याच्याकडून वसूल काय होणार होतं. कायद्याने कदाचित चूक केली असेल आम्ही, वकील तसं म्हणालेही.

विजेचा शॉक असेल तर बातमी चांगली आहे, म्हणजे केसपुरती. तार तुटून पडली आणि माणूस गेला की वीज मंडळाची चूक सिद्ध करत बसायची गरज नाही असं सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये सांगितलंय, मध्य प्रदेशातल्या केसमध्ये, पावसाच्या रात्री कामावरून सायकलवर घरी निघालेला माणूस रस्त्यावरच्या पाण्यात पडलेल्या तारेला लागला होता. कुणीतरी आकडा टाकल्यामुळे तार पडली हा बचावही तिथे चालला नाही. जायबंदी झालेल्यालाही हेच तत्त्व कामाला येतं. इथे किल्ली आहे विद्युत निरीक्षकाचा रिपोर्ट. हे सरकारी खातं वीज कंपनीपेक्षा वेगळं, अपघाताची चौकशी तेच करतं. आपल्याकडे लिफ्टचं खातंही त्यांच्याकडेच आहे. रिपोर्ट झाला की कॉपी आपोआप घरी येत नाही, माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. आमच्या रिपोर्टमध्ये एकच ओळ कामाची होती, दरवाजाचं इंटरलॉक बंद करून ठेवलेलं, म्हणजे लिफ्ट मजल्यावर नसताना दरवाजा उघडायलाच नको होता. त्या ओळीने जिन्याची ओळ खोडली.

लिफ्टवाल्यांसाठी अजून एक. महाराष्ट्राच्या 2017 च्या लिफ्ट कायद्यात थर्ड पार्टी विमा घ्यायला सांगितलाय. सोसायटीला लेखी विचारा पॉलिसी कुठली. आमच्या त्या बिल्डिंगच्या कपाटात पॉलिसी निघाली, चेअरमनलाच पत्ता नव्हता, आणि ती निघाल्यावर साहेबांचा आवाज एकदम खाली आला कारण पैसे त्यांच्या खिशातून जाणार नव्हते. विमा शोधणं हे निम्मं काम आहे. गॅस सिलेंडरच्या स्फोटालाही तेल कंपन्यांचा पब्लिक लायबिलिटी विमा असतो, मृत्यूला 6 लाख, उपचाराला माणशी 2 लाखांपर्यंत, पण एजन्सीला लगेच लेखी कळवलं पाहिजे आणि गॅसचं पुस्तक, पावती सांभाळून ठेवली पाहिजे. आणि जखमी माणसाच्या बँकेत जाऊन पासबुक भरून आणा, वर्षाला 20 रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय गेले तर 2 लाख, एक गेला तर 1 लाख. किती जणांचे 20 रुपये कापले जातात आणि घरात कुणाला माहितच नसतं.

पैसे देऊन घेतलेली सेवा किंवा वस्तू असेल, वॉटर पार्क, जिम, फुटलेला कुकर, तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. 5 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी शून्य. तिकीट, बिल, रिस्टबँड काहीही फेकू नका. जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट म्हणजे एवढंसं चिटोरं, तेही खिशात कपड्याबरोबर धुतलं जातं, लगेच फोटो काढा.

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे बिबट्या हा काही आता विरळा राहिला नाही. वन विभागाला त्याच दिवशी कळवा, 1926 वर, रेंज ऑफिसरकडून पंचनामा आणि सरकारी दवाखान्याचा दाखला. शासनाचे दर मृत्यूला 25 लाख, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख, गंभीर जखमीला 5 लाख. यात कोर्ट लागत नाही, कागद लागतात. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, साप चावणं, वीज पडणं, शॉक, फवारणीतली विषबाधा, झाडावरून पडणं हे सगळं त्यात बसतं, वय 10 ते 75, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख, दोन गेले तर 2 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत. सातबारावर नाव असणाऱ्याशिवाय घरातला अजून एक जण चालतो. वीज पडली असेल तर तहसीलदाराकडे वेगळा अर्ज, 60 टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर अडीच लाख.

नायलॉन मांजाची पंचाईत ही की आरोपीच सापडत नाही. 2017 मध्ये हरित लवादाने बंदी घातली तरी संक्रांतीला काय दिसतं ते आपण बघतोच. गुन्हा अनोळखी इसमाविरुद्ध दाखल करा, कारण आरोपी सापडला नाही तरी बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 396 खाली पीडित नुकसानभरपाई योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करता येतो, आणि उपचारासाठी तातडीची मदतही मागता येते.

आता वकील. हे विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टाच्या आवारातच आहे, फोन 15100. बाई, लहान मूल, एससी-एसटी, कामगार, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता फुकट वकील, बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर. कोर्ट फी, टायपिंगचा खर्च पण त्यात येतो. जखमी माणसाला अपंगत्वाचा दाखला मिळाला की तो स्वतःच पात्र होतो, म्हणून सिव्हिलमधून यूडीआयडीचं, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी कार्डाचं, काम लवकर करा. 'फुकटचा वकील काय कामाचा' हे मी पण म्हणायचो. आम्हाला मिळालेल्या मॅडम तरुण होत्या, पहिल्या तारखेला थोड्या घाबरलेल्या वाटल्या, पण इंटरलॉकची ओळ त्यांनीच पकडली, त्याआधी पैसे घेतलेल्या दोन वकिलांनी रिपोर्ट उघडलाही नव्हता. आणि हॉस्पिटलात येऊन 'एक रुपया देऊ नका, मिळालं तर तीस टक्के' म्हणणारा भेटेल, त्याला चहा पाजा आणि घालवा, भारतात वकिलाला निकालातला हिस्सा फी म्हणून घेता येत नाही.

किती मागायचं? दवाखान्याच्या बिलावर थांबू नका. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये राजकुमार केसमध्ये सांगितलं की शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नसतो, डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर पूर्ण बेकार होऊ शकतो, तोच क्लार्क असेल तर नोकरी टिकू शकते. निकाल मोटार अपघाताचा, पण मुद्दा सगळीकडे सांगता येतो. आमच्या भावाचा दाखला 45 टक्क्यांचा आहे, पण चहा पोचवणाऱ्याचं काम म्हणजे जिने, त्याला आता एक मजला चढवत नाही. हे कागदावर यायला पाहिजे, तो रोज किती बिल्डिंगा फिरायचा, गिऱ्हाईक कोण, त्या दुकानदारांची दोन-चार पत्रं आम्ही जोडली. रिक्षाची भाडी, त्याच्याजवळ बसून राहिलेल्या बायकोची बुडालेली मजुरी, फिजिओथेरपी, घरात कमोड बसवला त्याचं बिल, सगळं एका वहीत तारीखवार.

सही करायच्या आधी घरी आणून वाचा. सोसायटीने महिन्याभरातच 25 हजारांचा चेक आणला होता, सोबत स्टँप पेपर, त्यात 'सदर इसमाची कोणाविरुद्धही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही'. मावशी अंगठा उठवायलाच निघाली होती. मदत म्हणून देत असतील तर घ्या, पण पावतीवर 'तातडीच्या उपचारासाठी मिळाले' एवढंच लिहा, आणि मोठी तडजोड करायची तर लोकअदालतीत करा, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, चेक परत गेला तर वसुली लावता येते. आमचं तसंच झालं, विमा कंपनी आणि सोसायटी मिळून, आकडा इथे सांगत नाही, टपरीवाल्याच्या बायकोची पोत मात्र त्यातून सोडवून आणली.

विधी सेवा प्राधिकरणात जाताना सकाळी अकराच्या आत जा, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, केसपेपर, एफआयआरची कॉपी, फोटोंच्या प्रिंट, प्रत्येकाचे तीन झेरॉक्स सेट, आणि अपघाताची तारीख वरच मोठ्या अक्षरात लिहिलेली.